खुर्चीतून उठण्याची तालीम

अल दुहैलच्या आमच्या कंपाउंडमध्ये शेजारी एक जर्मन नट राहायचा. बायको इथल्या शाळेत शिकवायची, म्हणून हा कतारमध्ये. तरुणपणी टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत तो बहुतेक पहिल्या दहा मिनिटांत मरायचा. पुढे कुणाला तरी त्याचा आवाज आवडला आणि त्याचं मरण टळलं. जर्मनीत परदेशी सिनेमे जर्मन करून दाखवतात, आणि एका नटाला शक्यतो कायम एकच आवाज देतात. आमच्या शेजाऱ्याच्या वाट्याला एक अमेरिकन हिरो आला होता. वीसेक वर्षं हा त्याच्या वतीने जर्मनमधून प्रेम करत होता, भांडत होता, विमानं वाचवत होता. तिकडे बेकरीत त्याने पाव मागितला की बायका चटकन वळून बघत, आणि चेहरा पाहून पुन्हा पुढे बघत. हे तो स्वतःच सांगायचा.

पण हिरो म्हातारा झाला आणि ह्याचा आवाज काही होईना. नव्या सिनेमात हिरो आजोबा होता. स्टुडिओने कळवलं, नमुना पाठवा, नाही जमलं तर दुसरा आवाज घेऊ. बिचारा एसी बंद करून कपाटात, इथे एकदाही न घातलेल्या ओव्हरकोटांमध्ये उभा राहून रेकॉर्डिंग करायचा आणि घामाने निथळत आमच्याकडे ताक प्यायला यायचा. दोन नमुने नापास झाले. खुर्चीतून उठतानाचं कण्हणं खोटं वाटतं, असा शेरा होता. आता एकच संधी उरली होती.

तेव्हा माझे सासरे, म्हणजे बाबा, नाशिकहून आलेले होते. ते सोफ्यावरून उठताना नेहमीसारखं 'आई गं' म्हणाले, आणि शेजारी ताक प्यायचा थांबला. हे काय म्हणाले, त्याने मला इंग्रजीत विचारलं. आईला हाक मारली, मी सांगितलं. सत्तरी ओलांडलेला माणूस गुडघ्यासाठी आईला बोलावतो, याचं त्याला फार नवल वाटलं. मी ते बाबांच्या कानावर घातलं.

"मग यांच्यात उठताना कोणाला बोलावतात?" बाबांनी विचारलं.

शेजाऱ्याने बराच विचार केला. कोणालाच नाही, म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या हॉलमध्ये तालीम सुरू झाली. बाबांना इंग्रजी जेमतेम, त्याला मराठी शून्य, मध्ये मी. 'आई' बूड सुटताना, 'गं' गुडघा सरळ झाल्यावर, हा बाबांचा नियम. शेजारी दोन्ही एका दमात उरकायचा. हा फार तरुण ओरडतोय, त्याला सांग घाई कसली आहे, असं बाबा मला बजावायचे. पंधरा-वीसदा उठून दाखवल्यावर बाबांचं 'आई गं' खरोखरीचं निघायला लागलं, तेव्हा मी दोघांनाही दटावून बसवलं.

तिसरा नमुना गेला. त्यात शब्द नव्हते, नुसता सूर होता.

आठवड्याने तो दारात आला. मिळालं, म्हणाला. घरात पेढे नव्हते, मी खजूर काढले. सोफ्यावर बसून त्याने फोनवरचं स्टुडिओचं पत्र वाचलं आणि आम्हाला इंग्रजीत सांगितलं: अभिनंदन, तुमचा आवाज अखेर म्हातारा झाला. मग त्याने फोन उपडा ठेवला, खजुरांना हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं. मी बाबांना नुसतं भाषांतर करून सांगितलं.

बाबांनी खजूर त्याच्यापुढे सरकवले.

"त्याला सांग, पहिल्यांदा कळतं तेव्हा असंच होतं. मला एसटीत एका मुलीने 'बसा आजोबा' म्हणून जागा दिली, तर मी रागाने पुण्यापर्यंत उभाच राहिलो."

किती तास, शेजाऱ्याने विचारलं.

"पाच," बाबा म्हणाले. "गुडघे तेव्हाच गेले."