माझं नवं नाक आणि होणारा जावई

आधीच हसू नका हं! चहा घ्या, बिस्किट बुडवा आणि मग ऐका. कारण एकुलत्या एका लेकीचं ठरलेलं लग्न मी मोडता मोडता राहिलो, आणि तेही कशानं? तर नाकानं! माझ्या स्वतःच्या, या इथे चेहऱ्याच्या मधोमध बसलेल्या नाकानं!

भिंगारला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटर उघडायची, तांब्याची तार नव्यानं भरायची, वरून वार्निश मारायचं. आता वार्निश वाळेपर्यंत माणसानं करायचं काय? मी सिगारेट ओढायचो. तीसेक वर्षं ओढली. पण घरात कुणाला पत्ता लागू दिला नाही! म्हणजे, अशी आपली माझी समजूत.

बंदोबस्त कसा होता सांगू? दुकान बंद केलं की साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे. पेरूचं पान चघळायचं. त्यावर बडीशेप. गळ्याला पावडर. मग दोन्ही तळहात नाकाशी धरून जोरात हुंगायचे. काही म्हणजे काही नाही! गुलाबासारखा माणूस! अशा थाटात मी घरी जायचो.

दारात पाऊल टाकलं की सुशीला, म्हणजे आमची सौभाग्यवती, विचारायची, "कसला हो वास येतोय?"

"वार्निश."

"वार्निशला असा वास असतो?"

"नव्या कंपनीचं आहे."

पुढे पुढे तिनं विचारणंच बंद केलं. मला वाटलं, पटलं हिला!

तर यंदा दसऱ्याच्या सुमारास आमची रूथ म्हणाली, "पप्पा, एक सांगायचंय." रूथ नगरला बँकेत आहे, रोज घरूनच जाते-येते. तिनं स्वतःच मुलगा पसंत केला होता. अनिकेत नाव, सोनईचा, साखर कारखान्यात केमिस्ट. आपल्याच समाजातलं, देवभीरू, शेतकरी घर. रूथ त्यांच्या घरी जाऊन जेवूनसुद्धा आली होती. मी म्हटलं, अगं मग अडचण कुठंय?

"अडचण तुमची आहे पप्पा. त्यांच्या घरात कुणी सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकत नाही. माझ्यासाठी एक गोष्ट सोडाल?"

"काय सोडू?"

"वार्निश!"

मी सुशीलाकडे बघितलं. सुशीला छताकडे बघत होती. सोडली. खरंच सोडली हो! लवंगा चघळल्या, रात्री कूस बदलत काढल्या, गिऱ्हाइकांवर खेकसलो, पण दिवाळीनंतर सिगारेटला हात लावला नाही.

आणि मग चमत्कार झाला. माझं नाक उघडलं!

एके सकाळी अंथरुणात पडल्या पडल्या मला कळलं की शेजारी शेपूची भाजी शिजतेय. उठून सुशीलाजवळ गेलो आणि म्हटलं, "नवीन तेल लावायला लागलीस का गं? छान वास येतोय." ती म्हणाली, "लग्नापासून हेच लावते." घ्या! अख्खा संसार मी नाक बंद ठेवून केला होता!

आणि सगळ्यात जास्त काय कळायचं? सिगारेट! कुणी रस्त्याच्या पलीकडून गेला तरी मला इकडे कळायचं. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी डोळे बारीक करून म्हणायचो, "काय राव, आत्ता कोपऱ्यावर ओढून आलात ना?" तो बिचारा ओशाळायचा. मग माझं प्रवचन सुरू. "अहो, कपड्यांना मारतोय वास! तुमचं तुम्हाला कळत कसं नाही?"

हे मी विचारत होतो! मी!

नाताळच्या आधीच्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, सोनईची मंडळी साखरपुड्याची तारीख ठरवायला आली. त्या दिवशी थंडी मी म्हणत होती. सुशीला म्हणाली, "पाहुण्यांसमोर स्वेटरवर बसणार का? कोट काढलाय माळ्यावरून, तो घाला." मी कोट चढवतोय न चढवतोय तोच दारात गाडी वाजली.

आधी अनिकेतचे वडील शांतवनराव उतरले. शांत माणूस, हसतात जास्त, बोलतात कमी. मागून आई मार्थाबाई, डोक्यावर पदर, हातात घरच्या गुळाची ढेप. शेवटी अनिकेत. उंचापुरा, हसतमुख. "सलाम, अंकल," म्हणाला. मी भरल्या मनानं दोन्ही हात पसरले आणि त्याला मिठी मारली.

आणि भसकन नाकात सिगारेट!

मी गारच पडलो. म्हटलं, भास असेल. कारखान्यातला माणूस, मळीचा वास आला असता तर मी एक अक्षर बोललो नसतो. पण मला सिगारेट ओळखता येऊ नये? मला? सोफ्यावर त्याला मुद्दाम शेजारी बसवला. वास होताच. मी त्याच्याकडे वाकलो की भपकारा! पाणी घ्यायला हात पुढे केला की भपकारा!

मी उठून तडक स्वयंपाकघरात गेलो. सुशीला पोह्यांना फोडणी देत होती.

"अगं, मुलगा सिगारेट ओढतो!"

"काहीतरीच काय!"

"वास येतोय ना! हे बघ, इथंसुद्धा येतोय! बाहेर बसलाय आणि वास स्वयंपाकघरापर्यंत! केवढा ओढत असेल विचार कर!"

सुशीलानं हवेत हुंगून बघितलं. "मला नाही बाई येत कसला."

"तुझं नाक मेलंय!"

"मेलंच असेल," ती कढईकडे बघत म्हणाली, "इतकी वर्षं वार्निशात राहून."

आता या टोमण्याचा अर्थ लावायला मला वेळ होता का? मी बाहेर आलो आणि अनिकेतला म्हटलं, "चला, तुम्हाला आमची गच्ची दाखवतो."

आमच्या गच्चीवर काय आहे? पाण्याची टाकी. ती दाखवली. वारा सुटला होता, तरी वास होताच! मोकळ्या हवेतसुद्धा! आता मात्र माझी खात्री पटली. म्हटलं, सरळ विचारावं, पण मायेनं विचारावं.

"अनिकेत, मी जुना माणूस आहे. मला वास कळतो. मनात काही ठेवू नका."

अनिकेत लालबुंद झाला. इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "अंकल, माझ्याही लक्षात आलं होतं, पण मी बोलणार नव्हतो. होतं असं. सवय एकदम सुटत नाही म्हणतात."

बघा! कबूल झाला!

"रूथला माहीत आहे?"

"नाही. आणि मी तिला सांगणार पण नाही."

"सांगणार नाही?" माझा आवाज टाकीत घुमला.

"तिला वाईट वाटेल ना, अंकल. लग्नानंतर हळूहळू सुटेल. आपण दोघं मिळून प्रयत्न करू."

आपण दोघं! म्हणजे याची सिगारेट सोडवायला सासरा कामाला लावणार! माझं डोकं सटकलं. मी धाडधाड जिना उतरलो. खाली पोह्यांच्या बशा फिरत होत्या. शांतवनराव पहिला घास तोंडाशी नेत होते.

"थांबा!" मी ओरडलो. "हे लग्न होणार नाही!"

शांतवनरावांचा घास तिथंच थांबला. रूथ ताडकन उठली. "पप्पा! काय झालं?"

"तुमचा मुलगा सिगारेट ओढतो! आत्ता गच्चीवर कबूल केलं त्यानं!"

जिन्यात उभा असलेला अनिकेत किंचाळलाच, "मी? अंकल, मी तुमच्याबद्दल बोलत होतो!"

"माझ्याबद्दल? मी तर सोडलीय!"

"पप्पा, तुम्ही परत सुरू केली?" रूथच्या डोळ्यांत पाणी तरळलं.

"अगं नाही, शपथ घेऊ का? वास त्याला येतोय!"

"नाही, तुम्हाला येतोय!" अनिकेत.

"तुम्हाला!"

"तुम्हाला!"

अख्खी खोली एकमेकांकडे बघतेय. तेवढ्यात मार्थाबाईंनी बशी खाली ठेवली, पदर खोचला आणि उठल्या. आधी लेकाची कॉलर धरून हुंगली. मग मला म्हणाल्या, "पावनं, तोंड उघडा जरा."

काय करता? उघडलं. व्याह्यांच्या समोर, आ वासून उभा! त्यांनी वास घेतला.

"न्हाई, तोंडाला न्हाई. लवंगंचा येतोय नुसता." मग त्यांनी चिमटीत माझ्या कोटाची बाही धरली, नाकाला लावली आणि झटक्यात सोडून दिली. "अगं बाया! ह्यो कोट हाय का चिलीम!"

मी बाही नाकाशी नेली. आणि काय सांगू! तीस हिवाळे एकदम नाकात शिरले हो! दर थंडीत दुकानाच्या पायरीवर हाच कोट घालून मी बसायचो. खिशात हात घातला, तर मागच्या वर्षीची बडीशेपेची पुडी निघाली. हुंगली. बडीशेपेलासुद्धा सिगारेटचा वास!

"पण मग मला कधीच कसा आला नाही?" मी अगदी निरागसपणे विचारलं.

शांतवनरावांनी थांबलेला घास तोंडात घातला.

मला वाटलं, झालं, आता ही मंडळी उठून जाणार. असल्या घरातली मुलगी कोण करून घेईल? पण मार्थाबाई मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

"देवा, सुटले गं बाई! आवो, दसऱ्याला तुमची पोर आमच्याकडं आल्ती ना, तवा तिच्या वढनीला ह्योच वास हुता! लई उग्र! आन् कुनाचा हाय, कुनाला इचारावं? मला वाटलं, पोरगीच वढती!"

"मी?" रूथ किंचाळली.

"तवापासून डोळ्याला डोळा न्हाई माझ्या! ह्यांना सांगवंना, पोराला सांगवंना. पोरगी तर सोन्यावानी. आज म्हनलं, घरात जाऊन छडा लावायचा कोन वढतं त्येचा, मगच तारीख बोलायची."

"आई, तू हे मला बोलली नाहीस!" अनिकेत म्हणाला.

"तुला कसं बोलू? तुजं लगीन मोडलं असतं!"

म्हणजे बघा, मी त्यांचा मुलगा हुंगत होतो आणि त्या माझी मुलगी हुंगायला आल्या होत्या! आणि दोन्ही घरांची झोप उडवणारा चोर कोट घालून मधोमध उभा होता. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. सुशीलानं कोट दोन बोटांत धरून गच्चीवर नेऊन टाकला, मी थंडीत कुडकुडत बसलो आणि शांतवनरावांनी पहिल्यांदाच तोंड उघडून तारीख सांगितली.

साखरपुडा झोकात झाला. नवीन वर्षात, चर्चच्या आवारात. तोवर माझी ही गोष्ट भिंगारपासून सोनईपर्यंत पसरली होती, आणि लोक मला बघून नाकाला रुमाल लावून हसत होते. पण मी हार मानणारा नाही! जेवणाच्या पंगतीत आमच्या चर्चचे पाळकसाहेब शेजारी बसले होते. इतकी वर्षं त्यांच्यासमोर पहिल्या बाकावर बसलेला मी! म्हटलं, निदान यांना तरी पत्ता नसणार.

"पाळकसाहेब, खरं सांगा," मी छाती काढून विचारलं, "मी सिगारेट ओढतो अशी कधी शंका तरी आली तुम्हाला?"

पाळकसाहेबांनी जिलेबीचा तुकडा मोडला, माझ्याकडे प्रेमानं बघितलं आणि म्हणाले, "प्रभाकरराव, दर रविवारी चर्च गच्च भरतं. लोक भिंतीला टेकून उभे राहतात. मग तुमच्या बाकावर तुम्ही एकटेच का असता, काय वाटतं तुम्हाला?"

आता काय सांगू तुम्हाला… मी आजवर समजत होतो, लोक मान देतात!