दलदल पेटली तेव्हा

तिच्या हातात एकवीस वर्षं लोखंडी सळई होती. दलदलीत पाऊल टाकण्याआधी जमीन चाचपायला ती लागायचीच, म्हणून सगळे तिला सळईबाई म्हणत. संशोधन केंद्राने तिथे चाळीस नळ्या रोवल्या होत्या. दर आठवड्याला नळीत टेप सोडायचा आणि पाणी किती खोल आहे ते लिहायचं, हे तिचं काम. केंद्रातल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ही माती म्हणजे हजारो वर्षांचं न कुजलेलं गवत आणि शेवाळ. पाण्यात आहे म्हणून टिकलंय. पाणी गेलं, की आतला कार्बन हवेत गेलाच म्हणून समजा."

पूर्वी वीतभर गेला की टेप ओला व्हायचा. मग उन्हाळे लांबत गेले, पाऊस आखडला आणि सलग तिसऱ्या कोरड्या वर्षी टेप हातभर खाली जाऊनही कोरडाच वर येऊ लागला. मॅडमनी वर पत्रांमागून पत्रं धाडली. वर सगळं भिजत घोंगडं. इथे माती वाळत होती.

एका सकाळी एकतिसाव्या नळीपाशी तिला जळकट वास आला. ज्वाळा नव्हती, धूरही जेमतेम. तिने सळई खोल खुपसली, बाहेर काढून टोकाला बोट लावलं आणि हात झटकला. टोक तापलं होतं. जमीन आतून धुमसत होती. वरचा थर कधी खचेल याचा नेम नाही, हे तिला ठाऊक होतं. एकेक पाऊल तोलत ती आल्या वाटेने मागे फिरली.

दोन तासांनी आगीचे बंब आले. त्यांच्या प्रमुखाने मान हलवली. "बाई, वरून कितीही पाणी मारा, ही आत पसरतच राहणार. खालून पाणी चढलं तरच विझेल."

पाणी चढवायचा एकच उपाय होता. टेकडीकडून झिरपणारं पाणी एका मोठ्या चरातून वाहून जायचं. त्या चराचं लोखंडी दार बंद केलं तर दलदल भरली असती; पण आधी बुडाले असते तिच्या धाकट्या भावाचे बटाटे.

"ताई, काढणी तीन आठवड्यांवर आलीय," भाऊ म्हणाला. "तुझ्या नळ्यांपायी शेत बुडवू?"

"नळ्या गेल्या खड्ड्यात! तुझं शेत त्याच मातीचं आहे. बाबांनी दलदल उपसूनच काढलं ना ते?"

"आग पार तिकडे आहे."

"चल माझ्याबरोबर."

शेताच्या टोकाच्या बांधापाशी तिने सळई मुठीपर्यंत दाबली. ती तापायला थोडा वेळ दिला. तिने ती उपसली आणि त्याच्यापुढे धरली. "लाव हात."

त्याने लावला. चटका बसताच मागे घेतला. मागे न बघताच तो घराकडे ओरडला, "अगं, मुलींना घे आणि रस्त्यावर जा. आत्ताच्या आत्ता!"

दाराचं चाक आठ वर्षांत फिरलं नव्हतं. गंजून ते घट्ट बसलं होतं. दोघं त्याला लोंबकळली, तळहात सोलले, तरी ते हलेना. शेवटी बंबाचे चार जण धावत आले आणि पहार घालून त्यांनी दार खाली बसवलं. तोवर पलीकडे चाळीस पावलांवर जमीन धप्पकन खचली. राखेचा लोट उठला.

पुढचे चार दिवस ती तासातासाला नळ्या तपासत होती. पाणी बोटाबोटाने चढत होतं. धूर बांधाकडे सरकत होता. पाचव्या दिवशी दुपारी तो बांधाशीच थबकला.

घर वाचलं. बटाटे जागीच सडले. चराच्या पलीकडे मात्र पाणी पोचलं नाही. तिथे आग सात आठवडे धुमसली आणि जमीन कमरेइतकी खाली बसली. मॅडमनी हिशेब केला: हजार वर्षांत साठलेलं सात आठवड्यांत हवेत गेलं. आपणच पहिल्या कोरड्या वर्षी आरडाओरडा करायला हवा होता, हे सळईबाईच्या मनातून जाईना.

त्या वर्षी भावाने पेरलं नाही. शहराच्या रस्त्यावर ट्रक दुरुस्तीचं काम धरलं आणि दाराचं चाक काढून गोठ्यात टाकलं. "कुणी उघडायला नको," एवढंच म्हणाला. भावजयीने मात्र वर्षभर सळईबाईशी अबोला धरला. ते शेत भावजयीनेच राबून वाढवलं होतं.