धुऱ्यावरचे उंदीर आणि तीन गाठी

उंदरांवर पीएचडी करणाऱ्याकडे दोन गोष्टी साठतात: कानांचे तुकडे आणि किस्से. तुकडे फ्रीजमध्ये राहतात, किस्से कुठेही निघतात.

माझा विषय साधा. अमडापूरच्या काळ्या रानात एका जातीचा उंदीर, शेजारच्या मुरमाड बरडावर दुसऱ्या जातीचा. दोघांचा संकर होतो का? सिद्ध झालं तर पीएचडी, नाहीतर पाच वर्षं पाण्यात.

*

पिंजऱ्यात आमिष म्हणून खारे दाणे. माझा जोडीदार संदीप लावता लावता निम्मे खायचा. शेताचे मालक रशीदचाचा बघत राहिले. "उंदीर उपाशी अन् सायंटिस्ट गच्च. सापडन काय बे?"

*

शेजारच्या काकू एकदा वैतागल्या. "आमी उंदीर मारून राह्यलो, अन् तुमी कानाचा टवका घेऊन सोडून देता. काऊन?"

संदीप म्हणाला, "कोणाचं लगन कोणाशी लागलं, ते पाहतो."

"मंग माह्या भाच्यासाठीबी पाहा एखादी."

*

चाचांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मधल्या धुऱ्यावरचा उंदीर दोन्हीकडचा हाय, बेटा." पुण्याचे एक तज्ज्ञ फोनवर हसले, "शेतकरी म्हणतो म्हणून संकर होत नसतो." असा राग आला! दुसऱ्या दिवशी निम्मे पिंजरे धुऱ्यावर, म्हणजे दोन्ही रानांमधल्या बांधावर, नेले.

*

मग मी माती खाल्ली. कानाचे तुकडे स्पिरिटच्या नळ्यांत ठेवतात, म्हणून नळीवर पेन्सिलनेच लिहायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. मी बॉलपेनने लिहिलं. झाकणं पाझरली, शाई धुतली गेली, सगळ्या नळ्या कोऱ्या. कुठली काळ्या रानातली, कुठली धुऱ्यावरची? मी तिथेच बसून रडले.

चाचांनी खिशातून सुतळी काढली. फवारताना ओळ चुकू नये म्हणून गाठ मारायची त्यांची जुनी सवय. तशीच प्रत्येक उंदरामागे मारलेली. काळं रान एक गाठ, बरड दोन, धुरा तीन. नळ्या पकडल्याच्या क्रमानेच रॅकमध्ये होत्या. सगळ्यांचा पत्ता लागला.

लॅबचा रिपोर्ट आला. तीन गाठींच्या नळ्यांत दोन्ही जातींची जनुकं. मी डिपार्टमेंटमध्येच नाचले.

*

व्हायवाला चाचा इस्त्रीचा कुर्ता घालून पहिल्या रांगेत. परीक्षक कोण, तर तेच पुण्याचे तज्ज्ञ. "नमुन्यांची मूळ नोंद?"

मी टेबलावर सुतळी ठेवली.

"आणि यातली एखादी गाठ सुटली असती तर?" म्हणत ते एक गाठ नखाने सोडवू लागले. बराच वेळ. सुटेना.

चाचा बसल्या जागेवरून म्हणाले, "सुतळी हाय, साहेब. बॉलपेन नाही."