टेम्पोशिवाय दोनशे किलोमीटर

चौलची जयमाला म्हात्रे एसटीत कंडक्टर आहे. अलिबाग-मुरूड रस्त्यावर उभ्याने तिची इतकी वर्षं गेली आहेत की रेवदंड्याच्या वळणावर गाडी कितीही कलली तरी तिला दांडा धरावा लागत नाही. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे आणि तोंडाने ‘पुढे सरका, पुढे काय भिंत आहे का?’ हा जप. बाई तोंडाची फटकळ, पण म्हाताऱ्या कोळणीची पाटी गाडीत चढवायला पहिला हात तिचाच असतो.

सायकलचं खूळ तिच्या डोक्यात शिरलं तेही ड्यूटीवरच. रविवारच्या सकाळच्या फेरीला अलिबागच्या सायकल क्लबची मंडळी रस्त्यात भेटायची. त्यांत पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. एसटी त्यांना कोर्लईच्या आसपास मागे टाकायची, आणि मुरूडला चहापाणी उरकून गाडी परत निघेपर्यंत बाई स्टँडसमोरच्या हॉटेलात पोहे खात बसलेल्या असायच्या. घाम नाही, धाप नाही, वर लिंबू मागून घेतायत. हिला दोन पाय आहेत तसे मलाही आहेत, असं जयमालाच्या मनात आलं, आणि एकदा आलं ते गेलंच नाही. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी तिने सायकल घेतली.

आता तिच्या नवऱ्याबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय ही गोष्टच झाली नसती. हिरामण टेम्पो चालवतो. बाप मिठागरात राबला, मुलाने चाकं धरली. असा नवरा शोधून सापडायचा नाही असं आख्खं चौल म्हणतं, आणि ते खरंच आहे. पण अशा नवऱ्याबरोबर संसार करून बघा! जयमालाने बरणीचं झाकण फिरवायला घेतलं की बरणी त्याच्या हातात. सिलिंडर बदलायचा, पंखा पुसायचा, माळ्यावरचं पिंप उतरवायचं, तिने पदर खोचेपर्यंत काम झालेलं. लग्न झाल्यापासून कुठलंही जड काम तिला शेवटपर्यंत करायला मिळालेलं नाही. आणि याची तक्रार करणार तरी कोणाकडे? ऐकणारी बाई म्हणेल, माझा घे आणि तुझा दे.

क्लबच्या लांबच्या राइडला सायकलवाले ब्रेव्हे म्हणतात. ही शर्यत नव्हे, पहिला-दुसरा नंबर नाही. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत पुरे करायचे आणि वाटेत ठरलेल्या जागी कार्डावर शिक्का घ्यायचा, एवढंच. अट मात्र कडक. आपलं आपण निभवायचं. दुकानातून विकत घ्या, सोबतच्या सायकलवाल्याचा हात घ्या, पण घरच्यांनी गाडी घेऊन मागेपुढे राहायचं नाही आणि रस्त्यात मदत करायची नाही.

हे सगळं जयमालाला पहिल्या खेपेला कळलंच नव्हतं. नियमांचं पत्रक तिने वरवर वाचलं आणि हिरामणने तर पाहिलंही नाही. बायको एकटी श्रीवर्धनला जाऊन येते आणि नवरा घरात चहा पितो, हे त्याला कसं झेपावं? तो टेम्पो घेऊन मागोमाग निघाला. काशीदच्या चढावर तिला शहाळं दिलं, तिची पाठीवरची पिशवी काढून केबिनमध्ये ठेवली आणि मागचे दिवे लुकलुकवत, वरात चालल्यासारखा हॉर्न देत तो तिच्या पाठीशी राहिला. जयमाला वेळेत पोचली. क्लबचे कर्तेधर्ते अजित सर कौतुकाने पुढे झाले तेव्हा तीच फुशारून म्हणाली, “काही त्रास नाही झाला सर, आमचे हे मागेच होते ना!”

सरांचा चेहरा पडला. भला माणूस, पण नियमापुढे त्यांचाही इलाज नव्हता. कार्ड रद्द झालं.

“मी काय दोरी बांधून वढली काय तिला?” हिरामण सरांच्या अंगावर गेला. “बायकोला शहाळं दिलं, तो गुन्हा हाय?”

घरी आल्यावर तो दोन दिवस धड जेवला नाही. इकडे डेपोत तिचं हसं झालं. ड्रायव्हर रामचंद्र तर रोज सकाळी गाडी सुरू करताना मागे वळून विचारायचा, “बाई, आज टेम्पो किती वाजता निघणार?” गाडीतले रोजचे प्रवासीही हसायचे. जयमाला तिकिटं फाडत राहायची. एवढं मात्र तिने मनाशी पक्कं केलं, की पुढच्या जानेवारीत हाच रस्ता, याच दोन पायांवर, आणि कोणाच्या बापाची मदत न घेता.

वर्षभर ती झटली. पहाटे ड्यूटीच्या आधी किहीमपर्यंत जाऊन यायची. पंक्चर काढायला ती अजित सरांकडे शिकली. घरी सराव करायचा तर मागच्या पडवीचं दार लावून, नाहीतर चाक हिरामणच्या हातात गेलंच म्हणून समजा. तो दाराबाहेरून विचारायचा, “मदत करू काय?” आणि ती आतून ओरडायची, “न्हाय!”

ब्रेव्हेच्या आदल्या दिवशी तिने त्याला एकवीरा आईची शपथ घातली. मागे यायचं नाही. त्याने घेतली. मग जरा वेळाने म्हणाला, “पण श्रीवर्धनातनं सुपारी आणायची हाय मला, वाडीवाल्याला शब्द दिलाय. मी म्हसळ्यावरनं जाईन. तुज्या रस्त्याला येनार न्हाय.”

“येताना?”

“येताना फेरीबोटीनं. बोट काय तुज्या क्लबची हाय?”

तिने मान उडवली आणि ती चाकात हवा भरायला पडवीत गेली.

सकाळी सातला अलिबागच्या किनाऱ्यावरून सायकली सुटल्या. रात्री साडेआठच्या आत परतायचं होतं. जाताना सगळं सुरळीत झालं. आगरदांड्याहून बोटीने दिघीला, तिथून दिवेआगर, मग श्रीवर्धन. वाटेत एक पंक्चर झालं, तिने ट्यूब बदलली आणि स्वतःवरच खूश झाली. बरोबरचे तरुण केव्हाच पुढे निघून गेले होते, त्याचं तिला वाईट वाटलं नाही. श्रीवर्धनला शिक्का घेतला, डाळभात खाल्ला आणि मागे फिरली. परतीला मात्र समोरून वारा लागला. दिघीच्या धक्क्यावर आली तेव्हा मांड्या भरून आल्या होत्या, आणि बोट नुकतीच सुटलेली.

पुढच्या बोटीची वाट पाहण्यात चांगलाच वेळ गेला. बोट लागली, तिने सायकल आत घेतली, आणि मागोमाग धडधडत चढला तो हिरामणचा टेम्पो.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. हिरामणने घाईघाईने मान फिरवली आणि खाडीकडे असा टक लावून बसला, की जणू पाणी आजच पहिल्यांदा पाहतोय. थोड्या वेळाने त्याने पाण्याची बाटली काढली, बॉनेटवर ठेवली, काय वाटलं कोण जाणे, परत आत घेतली. जयमालाला हसू आवरेना.

शेजारच्या मासळीवाल्या बाईने तिला कोपर मारलं. “बाय, तो टेम्पोवाला चोरून बघतो तुज्याकडं. वळखीचा हाय काय?”

“हाय थोडासा,” जयमाला म्हणाली.

आगरदांड्याला उतरल्यावर ती पुढे निघाली. हिरामणला मुरूडात चार पोती उतरवायची होती, त्यामुळे तो मागेच राहिला. ऊन कललं. काशीद मागे पडलं आणि पुढच्या झाडीतल्या चढावर, सूर्य बुडता बुडता, तिचं मागचं चाक बसलं. नवी ट्यूब सकाळीच संपली होती. आता जुन्या ट्यूबला ठिगळ लावणं आलं. तिने सायकल उलटी केली, चाक काढलं आणि रस्त्याच्या कडेला मांडी घालून बसली. फोनला रेंज नव्हती. मागून कोणी सायकलवाला येण्यासारखा उरलाच नव्हता, सगळ्यांत मागे तीच होती.

ट्यूबमधलं भोक सापडेपर्यंत चांगलं अंधारलं. एवढ्यात मागून टेम्पोचा आवाज आला. तो आवाज तिने झोपेतही ओळखला असता. टेम्पो तिच्यामागे जरा अंतरावर थांबला आणि हिरामण उडी मारूनच उतरला.

“काय झालं? पंक्चर? सरक, दे हिकडं.”

“तिथंच थांबा!” जयमाला ओरडली. “एक पाऊल पुढं टाकू नका.”

तो जागच्या जागी थिजला. आयुष्यभर टेम्पोची चाकं काढणारा माणूस, हात नुसते शिवशिवत होते. “अगं, इथं कोन बघतंय?”

“मी बघते ना.”

ती कपाळावरच्या छोट्या दिव्यात काम करू लागली. रबर घासलं, सोल्यूशन लावलं, ठिगळ उचललं. हिरामणच्याने राहवेना. “अगं सुकू दे ते, वल्यावर लावू न—”

“बोलू नका म्हनलं ना!” आणि रागाच्या भरात तिने ठिगळ तसंच ओल्यावर दाबलं.

अर्थात ते बसलं नाही. हवा भरताच फुस्स करून सुटलं. जयमालाला रडू कोसळायचं बाकी राहिलं. सोल्यूशन सुकवायचं असतं हे तिलाही ठाऊक होतं, वर्षभर तिने तेच केलं होतं. नवऱ्याचं ऐकायचं नाही या हट्टापायी तिने आपल्याच हाताने माती केली होती. तिच्याकडे आता एकच ठिगळ उरलं होतं.

तिने डोळे पुसले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आपल्याला एवढं स्वच्छ दिसतंय ते कपाळावरच्या दिव्यामुळे नाही. टेम्पोचे हेडलाइट तिच्यावर पडले होते. हिरामणने मुद्दाम ठेवले होते की विसरला होता, देव जाणे.

“दिवे बंद करा,” ती म्हणाली.

“अगं दिवे कुनी धरतं काय मदतीत?”

“मी धरते. बंद करा.”

हिरामणला हे लागलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी अंधारात ठेवलं नव्हतं, आणि आज ती स्वतः मागत होती. तो केबिनपाशी गेला. दिवे विझले. मग तिच्याकडे पाठ करून तो कडेच्या दगडावर बसला. बघितलं तर बोलणार, बोललो तर हिचं वर्ष वाया जाणार, हे त्याला आता पुरतं कळलं होतं.

झाडीत गच्च काळोख झाला. जयमालाने सोल्यूशन लावलं आणि त्यावर हळूहळू फुंकर घालत राहिली. घाई करायची नाही, घाई करायची नाही, असं ती स्वतःलाच दटावत होती. मग ठिगळ टेकवलं, अंगठ्याने दाबून धरलं आणि मनातल्या मनात अलिबागपासून मुरूडपर्यंतचे सगळे थांबे म्हणून झाल्यावरच अंगठा उचलला. हवा भरली. चाक कडक झालं आणि कडकच राहिलं.

“झालं,” ती म्हणाली.

हिरामण उठला, पण वळला नाही. “जाऊ मी?”

“पुढं जा. मागं राहू नका.”

टेम्पो तिच्याजवळून पुढे गेला. त्याचा लाल दिवा वळणाआड दिसेनासा झाला तेव्हा तिला भीती वाटली, खरीखुरी भीती, लहान मुलीला वाटते तशी. हाक मारावीशी वाटली. तिने ती हाक गिळली आणि पॅडलवर पाय दिला.

पुढचा रस्ता तिने कसा कापला हे तिचं तिलाच माहीत. कोर्लईच्या वळणांवर खड्डा कुठे आहे हे कपाळावरच्या दिव्यात धड दिसत नव्हतं, पण एसटीत उभं राहून तळपायांना ठाऊक झालेलं होतं. रेवदंड्याच्या पुलावर वाऱ्याने सायकल ढकलली, तिने मान खाली घालून रेटली. चौलला तिच्या घराची गल्ली लागली. डाव्या हाताला वळलं की दोन मिनिटांत अंथरूण. पाय अगदी रडकुंडीला आले होते. तिने त्यांना तिच्या ठेवणीतल्या आवाजात सुनावलं, “पुढे चला, पुढे काय भिंत आहे का?” आणि ती थेट नागावच्या रस्त्याला लागली.

अलिबागच्या किनाऱ्यावर ती पोचली तेव्हा साडेआठ वाजायला थोडाच अवकाश होता. अजित सर रस्त्यातच येऊन उभे होते. मागे क्लबची मंडळी, आणि सगळ्यांपासून लांब, नारळाच्या झाडाखाली, हिरामण. सरांनी कार्ड घेतलं, वेळ लिहिली आणि शिक्का उचलून ते थबकले.

“म्हात्रेबाई, विचारावंच लागतं. वाटेत मदत?”

कोणीही पाहिलेलं नव्हतं, ती ‘नाही’ म्हणून मोकळी झाली असती. पण जयमालाने सगळं सांगितलं. टेम्पो थांबला, दिवे काही वेळ अंगावर होते, मग ते बंद करायला लावले. “आणि सर, सोल्यूशन सुकू दे असं हे अर्धं बोलले. मी ऐकलं नाही. एक ठिगळ फुकट गेलं.”

सरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. त्यांच्या मिशीत हसू दिसत होतं. “ठिगळ कोणी लावलं?”

“मी.”

“मग न ऐकलेला सल्ला काही मी मदतीत धरत नाही,” ते म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या.

जयमालाला सायकलवरून उतरायचं होतं, पण उजवा पाय काही उचलेना. मांडीत गोळा आला होता. दांड्यावर रेलून, दोन्ही मुठी हँडलला आवळून ती तशीच उभी राहिली. कोणाला काही कळायच्या आत हिरामण धावत आला, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर एकदम थांबला. दोन्ही हात त्याने पाठीमागे बांधून घेतले. घामाने डबडबलेला तो एवढा मोठा माणूस शाळेतल्या पोरासारखा अजित सरांकडे वळला.

“सर,” त्याने विचारलं, “आता हात लावला तर चालेल काय?”

सरांनी तोंड उघडलं, पण उत्तर जयमालाने दिलं. “लावा हो,” ती म्हणाली, आणि तिने हँडल सोडून दिलं.