माळ नव्हतीच, गोळी होती

मंडळी, आज दुपारी न्हावऱ्याला मामांच्या मळ्यात पार्टी होती. मी ग्लास उलटा ठेवला, पण ताटात मटण वाढून घेतलं. मामा बघतच राहिले. "आरं, तुझी माळ कुठं गेली?"

आमच्याकडं नुसतं दारू नको म्हटलं तर कुणी ऐकत नाही. माळकरी झालो म्हटलं तरच सोडतात. म्हणून सहा महिने मी शर्टाचं वरचं बटण लावून माळ घातल्याचं खोटं सांगितलं आणि मटणासमोर बसून वरणभात खाल्ला.

आज म्हणालो, "माळ नव्हतीच मामा. डिप्रेशनची गोळी चालू हाय. तिच्यावर दारू चालत न्हाई."

"हळू बोल. पोरगी कोण देईल तुला?"

"तुम्ही बीपीची गोळी चारचौघांत खाता. मी माझी का लपवू?" म्हणालो आणि रस्सा मागून घेतला.

नंतर हात धुताना मामांचा संदीप जवळ आला. तो दौंडला नोकरीला असतो. "दादा, मलाबी तसलीच गोळी हाय. प्यायला बसायचं असलं की त्या दिवशीची बुडवतो."

मी सांगितलं, एक गोळी बुडवून औषध अंगातून जात नाही, उलट दुखणं वाढतं. डॉक्टरांना खरं सांग. त्याचे दोन पेग झाले होते, म्हणून गाडीची चावी काढून घेतली आणि त्याला दौंडला मीच सोडलं.

त्याला विचारूनच हे लिहितोय. पुढच्या पार्टीला दोन ग्लास उलटे असतील आणि दोन्ही ताटांत मटण असेल. तिसरा कोण येतोय, सांगा.