रऊफभाईंचं कुलूप

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. घरात कुणी भुताखेतांचं सुरू केलं की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. संभाजीनगरात वाळूज एमआयडीसीत इंजिनिअर आहे. ज्याला वायर नाही आणि सेन्सर नाही, ते माझ्या लेखी नाहीच! तरी हे लिहितेय, कारण गेल्या खंडेनवमीपासून ते मनातून जातच नाही...

जागा समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या शॉपमध्ये एका रांगेत धातू कापणारी पाच मोठी सीएनसी मशिन्स आहेत आणि त्यांच्या पुढ्यातून रुळावर सुटे भाग नेणारी एक गाडी धावते. कुठलं काम कुठल्या मशीनवर जायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. एक मशीन भरलेलं असलं की गाडी आपली आपण दुसऱ्याकडे वळते. आत माणूस लागत नाही, म्हणून सगळ्याला जाळीचं कुंपण घातलंय. गाडी जड आहे, जोरात येते, आणि समोर माणूस उभा असला तरी तिला ते कळत नाही.

म्हणून आमच्याकडे एक नियम आहे. कुंपणाच्या मागच्या गेटजवळ एक लीव्हर आहे. दुरुस्तीला आत जाणाऱ्यानं तो खाली ओढायचा, त्याला स्वतःचं कुलूप घालायचं आणि किल्ली खिशात ठेवायची. मग बाहेर कुणी कितीही बटणं दाबो, लाइन हलत नाही. अपवाद एकच, बायपासची किल्ली, आणि ती माझ्याकडे असते. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, मग तो जेवायला गेलेला असो नाहीतर झोपलेला.

या नियमाचे सगळ्यात मोठे भक्त म्हणजे मेंटेनन्सचे रऊफभाई. शहागंजच्या मागच्या गल्लीत राहायचे. आवाज असा की कॅन्टीनमध्ये बोलले तरी गेटवर ऐकू यावं. आपल्या कुलपाला त्यांनी लेकीच्या नेलपॉलिशनं मोठा गुलाबी ठिपका दिला होता आणि "मेरा ताला दूर से पहचानना मंगताय," असं सगळ्यांना ऐकवायचे.

आता खंडेनवमी. त्या दिवशी आम्ही पाने, पक्कड, गेज सगळं मांडून पूजा करतो आणि सगळ्यांची कुलपंही थाळीत ठेवतो, हळदीकुंकू लावायला. शेवटी नारळ फुटला की लाइनची एक फेरी चालवायची, मुहूर्ताची. रऊफभाई पूजेला सगळ्यात पुढे, प्रसादाला तर त्याहून पुढे! पण कुलूप मात्र थाळीत ठेवायचे नाहीत. पूजा चालू असेपर्यंत ते लीव्हरला लावून ठेवायचे. "सबके ताले थाली में, और कोई अंदर गया तो? पूजा तुम्हारी, पहरा मेरा. मेरेकू पूछे बगैर चालू नक्को करो." आम्ही हसायचो. त्यांनी कुलूप काढलं की मगच फेरी.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका दुपारी छातीत जळजळतंय म्हणून ते घरी गेले ते परत आलेच नाहीत. त्यांचं कुलूप लीव्हरवरच राहिलं होतं. कापायला कुणाचा हात धजेना. शेवटी मेंटेनन्सच्याच जाधवांनी कटर लावला. माझ्या डोळ्यांदेखत त्या कुलपाची कडी तुटली आणि ते गुलाबी ठिपक्यासकट भंगाराच्या पिंपात गेलं. त्या दिवशी मी केबिनमध्ये जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

मग त्यांच्यामागची पहिली खंडेनवमी आली. सकाळ, लख्ख उजेड, शंभर माणसं. नारळ फुटला. जाधवांनी मागे जाऊन लीव्हर वर केला. मोबाईल समोर धरून सगळे उभे, आणि बटण दाबायचा मान माझा.

दाबलं. काही नाही.

पुन्हा दाबलं. स्क्रीनवर लाल अक्षरं – मागच्या गेटचा लीव्हर खाली आहे.

"जाधव, लीव्हर!"

"म्या सोता वर केलाय की मॅडम! आईशपथ!"

"मग हे काय दिसतंय?"

"सेन्सर गंडला असंल. लई धूळ बसती तिथं."

मोठे साहेब घड्याळ बघत म्हणाले, "मॅडम, बायपास करा ना. मुहूर्त टळतोय." मी किल्ली काढली, भोकात घातली. खरं सांगते, फिरवणारच होते. हात घामेजला म्हणून दुपट्ट्याला पुसला, तेवढ्यात समोरची थाळी दिसली. सगळ्यांची कुलपं तिथं, हळदीकुंकवानं माखलेली. यंदा लीव्हरवर कुणाचंच कुलूप नाही, हे आत्ता माझ्या डोक्यात आलं. काय वाटलं कोण जाणे, किल्ली उपसली आणि तरातरा मागे गेले.

लीव्हर खाली होता. त्याला कुलूप होतं. त्यावर गुलाबी ठिपका होता.

तोच जाळीच्या आतून कुणीतरी गुणगुणल्याचा आवाज आला. शेवटच्या मशीनच्या मागं, बरोबर रुळावर गुडघे टेकून, आमच्या क्वालिटीची वैशाली झेंडूची माळ बांधत होती. त्या एका मशीनला फूल मिळालं नाही म्हणून तिचा जीव तुटला होता! कुलूप थाळीत, आणि गेट तिनं सवयीनं मागं ओढून घेतलेलं. गेट बंद, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी आत कुणीच नव्हतं. दहा वर्षं एका डब्यात जेवतो आम्ही दोघी.

मी हात धरून तिला बाहेर ओढलं आणि आधी मनसोक्त शिव्या दिल्या. ती गोंधळून म्हणाली, "अगं, पण कुलूप लागल्याचा आवाज आला ना मला! मी ओरडले पण, रऊफभाई, मी आत आहे हो... सवयीनं आलं तोंडात."

"मग?"

तिनं गेटकडे वळून पाहिलं. "बाहेरून 'हौ' म्हणाले गं."

मी जाधवांना हाका मारायला चार पावलं पुढे गेले. त्यांना घेऊन वळले तर लीव्हर वर होता. कुलूप नव्हतं. वैशाली गेटकडे पाठ करून, तोंडावर पदर धरून रडत होती, तिनं काहीच पाहिलं नाही. आसपास दुसरं माणूस नव्हतं. तेवढ्यात पुढून ओरडा झाला की स्क्रीन हिरवी झाली.

त्या दिवशी फेरी केली नाही. साहेबांनीच नको म्हटलं. पुढे पुण्याहून इंजिनिअर आला, सगळं तपासून गेला, सेन्सर ठणठणीत. कुणी मस्करी केली म्हणावं, तर कापलेलं कुलूप सांधून कोण आणणार? आणि वैशाली आत आहे हे ठाऊक असणारा माणूस मस्करी करेल की ओरडेल?

तुमच्यापैकी कुणाकडे याचं उत्तर असेल तर जरूर सांगा, मी भांडणार नाही. ते कुलूप ना मी काढलं, ना जाधवांनी, ना वैशालीनं. आमच्याकडे नियमच आहे, ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं.