तुपाचा डबा आणि चौथ्या मजल्यावरचा हॅकर

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, तेव्हा आधी चहाचा कप खाली ठेवा. मी अशी काही माती खाल्लीये, की अजून सोसायटीच्या गेटातून मान खाली घालूनच शिरते!

तर, मी हॅम आहे. म्हणजे परवाना असलेली हौशी रेडिओवाली. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलीला हा छंद कसा? अहो, समोरचा माणूस दिसत नाही ना, म्हणून! परवान्याबरोबर मला खास ओळखनाव मिळालं, व्हीयूपासून सुरू होणारं. त्याचं इतकं अप्रूप, की बाटलीवर, लॅपटॉपवर, दिसेल तिथे मी ते चिकटवत सुटले.

आमच्या हॅम क्लबातल्या सरांनी माझ्या जुन्या वायफाय राउटरमधलं सॉफ्टवेअर बदललं, त्याला जाळीची डिश जोडली. ऐरोलीची आमची गच्ची थेट खाडीपलीकडे, मुलुंडच्या सरांच्या गच्चीशी बोलू लागली! इंटरनेटशिवाय! सेक्रेटरी म्हात्रेकाकांना मी फक्त "छोटी डिश लावते" म्हटलं होतं. त्यांना वाटलं, टीव्हीची. वाटू दिलं.

पण आम्हा हॅम लोकांत लपवाछपवी चालत नाही. पासवर्ड नाही, आणि नेटवर्कला नाव आपलं ओळखनावच.

बिनपासवर्डचं वायफाय! आमच्या सोसायटीत! दोन-दोन गाड्यांवाली माणसंही तुटून पडली. आत इंटरनेटचा पत्ता नाही, पण फुकटचं सोडवतं कुणाला? साळवीकाकूंचा फोन त्याला जोडला गेला आणि मालिका ऐन मंगलाष्टकांत अडकली. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "हॅकर!" जेवणं होईतो तो परदेशी झाला होता, चहापर्यंत त्याने तिघांचे फोटोही पळवले होते.

सांगणार होते हो मी! टाइप केलं, खोडलं. गपचूप बंद करावं, तर गच्चीची किल्ली काकांकडे. तेवढ्यात दारावर थाप. मी उडालेच! दारात काका आणि साळवीकाकू.

"पोरी, तू इंजिनेर ना? जरा बघ. मना तं म्हाईतच हाय, कोन हाय तो."

"क... कोण?"

"चवथ्या माल्यावरचे ते दोन बॅचलर! रातभर लॅपटॉप चालू. आजच रूम खाली करायला सांगतो."

"आणि चपला बघा त्यांच्या," काकू म्हणाल्या, "दाराबाहेर कशा उलट्यापालट्या!"

झालं, पुरावा मिळाला! बिचारी पोरं. लिफ्ट बंद असली की आमच्या आईचं दळण तीच वर आणून देतात. आता माझ्यापायी रस्त्यावर?

"काका, थांबा! मी सिग्नल मोजते. खरी जागा सापडेल."

तुपाच्या रिकाम्या डब्याचा मी अँटेना बनवला होता, तो लॅपटॉपला जोडला आणि निघाले. तसं लपवलेला ट्रान्समीटर शोधायची आमच्या क्लबात स्पर्धाच असते. त्यात मी कायम शेवटची. एकदा तर अँटेना रोखत रोखत वडापावच्या गाडीपाशी पोचले होते.

पुढे मी, मागे अख्खी कमिटी. चौथ्या मजल्यावर सिग्नल दणदणीत. येणारच, वर गच्ची ना!

"बघ, मी बोललो ना!" काकांनी बेलवर बोट ठेवलं.

"नाही नाही! खाली जातोय, काका! खाली!"

नेलं सगळ्यांना पार्किंगमध्ये. का? तिथे कुणी राहत नाही, म्हणजे आळ कुणावर येणार? डोळे मिटून डबा रोखला. "इथे! बाहेरचा कुणीतरी येऊन गेला."

काकूंनी चष्मा लावला आणि फोन काढला.

"व्ही... यू..." काकू फोनमधलं नेटवर्कचं नाव एकेक अक्षर वाचत होत्या. मग त्यांनी डब्यासमोर पाहिलं. मीही डोळे उघडले. समोर एक स्कूटर, आणि तिच्या तोंडावर लाल रेडियममध्ये, भलं मोठं, तेच नाव.

"अरे, ही स्कूटर कोनाची हाय?" काका गरजले.

मी डबा पाठीमागे लपवला. तेवढ्यात जिन्यावरून त्या दोन बॅचलरांतला एक उतरला. लाघवी पोरगा. म्हणाला, "ताई, तुमची स्कूटर बंद पडली का? धक्का मारू?"

पोरांची खोली राहिली. डिश उतरली. सरांना फोनवर रडत रडत सगळं सांगितलं. ते मात्र खूश!

"अभिनंदन! स्वतःचा का होईना, शेवटी एक तरी ट्रान्समीटर शोधून काढलास!"